भागरताबाईची हजेरी

भागरताबाई दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी गावातल्या म्हाताऱ्यांची हजेरी घेत असे. हातात काठी, डोक्यावर पदर. निराधार योजनेच्या यादीत ज्याचं ज्याचं नाव, त्याच्या दारासमोर उभी राहून ती ओरडायची, "बाहेर ये. तोंड दाखव. बोल काईतरी."

माणूस बाहेर येऊन काहीतरी बोलला की ती पुढच्या दाराकडे वळे. कोणी अंथरुणाला खिळलेलं असलं तर आत जाऊन त्याच्या पायाच्या अंगठ्याला चिमटा घेई. आसाराम नावाचा म्हातारा एकदा उन्हात खाटेवर झोपला होता. तीन हाकांना उठेना, तेव्हा हिने गडवाभर पाणी त्याच्या तोंडावर ओतलं. आसाराम उठून तिच्या सात पिढ्या काढू लागला.

"गारी देते," भागरताबाई समाधानाने म्हणाली. "म्हंजे जित्ता आहे."

हा उद्योग तिने का मांडला, तर सरकारदरबारी ती स्वतः मेलेली होती. वर्षातून एकदा निराधारांची हयात तपासतात. त्या तपासणीत तिच्या नावापुढे 'मयत' पडलं आणि तिचा पगार बंद झाला. निराधारच्या पैशाला आमच्याकडे पगारच म्हणतात. रस्त्यात भेटली की मला म्हणायची, "का गा ग्रामसेवक, मी जित्ती आहो. लिवून घे." तिचा ठाम समज होता, की तालुक्याच्या कचेरीतल्या कम्प्युटरने तिला मारलं.

कम्प्युटरने नाही, मी मारलं. नवेगाव बांधच्या अलीकडच्या त्या गावात मी सहा वर्षं ग्रामसेवक होतो. आता पन्नाशी उलटली आहे, तेव्हा एकदाचं सांगून टाकतो.

धान रोवण्याचे दिवस होते. अर्धं गाव चिखलात. मी यादी घेऊन घरोघर फिरत होतो. भागरताबाईच्या ओसरीवर तिचे दोन पुतणे मुंडण करून बसलेले दिसले. आतून रडण्याचा आवाज. सुतकाच्या घरी कागद काढून विचारणं मला जमेना. म्हातारी गेली, असं मी धरून चाललो. रस्त्यावरच यादी गुडघ्यावर टेकवून तिच्या नावापुढे 'मयत' लिहिलं आणि पुढे निघालो. गेला होता तिचा मुलगा, दुलीचंद. गोंदियाला राइस मिलमध्ये कामाला होता. ताप घेऊन घरी आला आणि आठ दिवसांत संपला. बाईचा मुलगाही गेला, आणि त्याच आठवड्यात माझ्या पेनाने तिचा पगारही गेला.

चूक महिन्याभरात कळली. बोललो नाही. नोकरी होती, वर भित्रा स्वभाव. भागरताबाई कम्प्युटरला शिव्या घालायची आणि मी मान हलवायचो.

तिला वाचता येत नव्हतं. पण ग्रामसभेत मला तीनदा यादी वाचायला लावून तिने ती अख्खी पाठ केली होती. जात्यावर बसल्यासारखी एका लयीत म्हणायची. पुढच्या वर्षी नवी यादी आली. मी ग्रामसभेत वाचत होतो. मध्येच ही उठली.

"थांब गा. रुखमाच्या मांगून आन् सीतारामच्या पयले एक बाई होती. आंधळी पार्बती. कुठी गेली?"

मी पुन्हा पाहिलं. नक्कल करताना एक ओळ सुटली होती. सभा माझ्याकडे पाहू लागली. मी पार्बतीचं नाव जागच्या जागी चढवलं.

त्याच सभेत तिने सरपंचाच्या मावशीलाही उभं केलं. "हिच्या आंगनात दोन टॅक्टर उभे आहेत. निराधार कोनता आहे बाप्पा, लाल का निळा?" मावशीचं नाव यादीतून गेलं. सरपंच महिनाभर माझ्याशी बोलला नाही, जणू प्रश्न मीच विचारला होता.

मग योजनांवर देखरेख ठेवायला गावाची समिती नेमायची ठरली. सगळ्यांनी भागरताबाईचं नाव घेतलं. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मेलेली बाई चालते का तुमच्या समितीत?" सभा खो खो हसली. मीही हसलो. तेवढं हसणं मला अजून बाधतं.

तिला दोनदा मोटारसायकलवर बसवून मीच तालुक्याला नेलं होतं. तिथला बाबू विचारायचा, "घरात कोण कोण आहे?" एवढ्यावर ही भडकायची. "माह्या घरच्या गोष्टी काऊन इचारतेस? पगार देतेस का सोयरीक जमवतेस?" आणि तरातरा बाहेर. दुसऱ्यांच्या नावासाठी रान उठवणारी बाई स्वतःच्या कागदाशी आली की अशी फिसकटायची. मी ते तिच्या तऱ्हेवाईकपणात जमा करत गेलो.

शेवटी बाबू मला म्हणाला, "ज्याने मयत लिहिलं त्याने चूक कबूल करून लेखी द्यावं. अन् मुलगा खरंच वारला असेल तर त्याची नोंद आणा. कमावता मुलगा कागदावर आहे, तोवर बाई निराधार होत नाही." पाहिलं तर आमच्या मृत्यूच्या नोंदवहीत दुलीचंद नव्हता. कोणी कळवलंच नव्हतं.

पगार नंतर सुरू झाला, हे आत्ताच सांगतो. मलाही कारणे दाखवा नोटीस आली. ती यायलाच हवी होती.

मी माझी लेखी कबुली आणि नोंदीचा कागद घेऊन तिच्या घरी गेलो. ती सुपात तांदूळ निवडत होती.

"आजी, तुम्हाला मयत मी लिहिलं."

तिचे हात थांबले. "तू?"

"हो. ओसरीवर मुंडण केलेली पोरं दिसली. वाटलं, तुम्हीच."

"मंग आंगनात काऊन नाई आला? इचारलं काऊन नाई?"

"विचारवलं नाही."

मला वाटलं, आता काठी बसेल. तिने सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "बरं केलंस. इचारलं असतं तं मले सांगा लागलं असतं."

मी कागद उलगडला. दुलीचंदची नोंद करावी लागेल, असं कसंबसं सांगितलं.

"माह्यं लिव. त्याचं राहू दे."

"तसं होत नाही, आजी."

"राशनचा दुकानदार कार्डावरची नावं वाचते," ती म्हणाली. "भागरता, दुलीचंद. मी हव म्हणतो. तेवढंच त्याचं नाव कोनी घेते."

मी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. मग तिनेच सूप बाजूला सारलं आणि माझ्याजवळ सरकून बसली. पूर्ण नाव सांगितलं. वय सांगितलं. कोणत्या दिवशी, किती वाजता, तेही सांगितलं. आवाज कुठेच अडखळला नाही. मी लिहू लागलो तशी तिने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"हळू लिव गा," ती म्हणाली. "घाई कायची आहे?"

मी हळू लिहिलं.