खांद्यावरचा हात

"पळायचं नाही," वेंडेल ह्रुस्काने सोमवारी सकाळी साइटवरच्या आपल्या माणसांना बजावलं. "इमिग्रेशनवाले आले तर जागच्या जागी उभं राहायचं. तोंड उघडायचं नाही. मी त्यांना फाटकाबाहेरच अडवीन, न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट मागेन. ते नसेल तर आत पाऊल नाही. कळलं?"

माणसांनी माना हलवल्या, पण न्याहारीचे हातातले टाको कुणी खाईना. ह्रुस्काचं स्पॅनिश वाळू-खडी मागण्यापुरतं आणि शिव्या देण्यापुरतंच होतं, म्हणून मुकादम एलादियोने तेच सगळं पुन्हा सांगितलं. सांगून झाल्यावर तो म्हणाला, "आणि मालक, तुम्ही कुठे असाल?"

"फाटकावर. तुमच्या नि त्यांच्या मधे."

"मग ठीक आहे," एलादियो म्हणाला आणि त्याने टाकोचा घास घेतला. मग बाकीच्यांनीही घेतला.

एलादियो वीसेक वर्षं ह्रुस्काकडे होता. त्याने थापी फिरवलेल्या स्लॅबवर पाणी ओतलं, तर कुठल्या बाजूला वाहावं हे न कळून ते जागीच थांबायचं. टेक्ससच्या त्या भागात ह्रुस्काला कामं मिळत होती ती एलादियोच्या हातावर. त्याचे कामाच्या परवान्याचे कागद ह्रुस्काने कामावर ठेवताना पाहिले होते. खरे दिसले, म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवले. पुढे दोघांनीही तो विषय काढला नाही. दुखरा दात सोडून माणूस दुसऱ्या बाजूने चावतो, तसं ते चाललं होतं.

पण या वर्षी दिवस वाईट आले. पलीकडच्या साइटवरून इमिग्रेशनवाल्यांनी छपरावरची माणसं उतरवून नेली, शिड्या तशाच भिंतीला टेकलेल्या राहिल्या. ह्रुस्काला झोप येईना. अशा धाडींसाठी ठेकेदारांना तयार करणाऱ्या पेगी लँड्रम नावाच्या बाई शहरातून आल्या होत्या. त्यांच्या वर्गात तो पहिल्या रांगेत बसला.

"नुसतं सांगून भागत नाही," बाई म्हणाल्या. "एकदा सराव घ्या. आणि आधी कल्पना देऊन घेतला तर तो सराव नव्हे."

अधिकारी कुणाला करायचं हा प्रश्न नव्हता. ह्रुस्काचा मेहुणा रॉइस विमा विकायचा आणि चर्चच्या नाताळच्या नाटकात दरवर्षी बाळांना मारणारा हेरोद राजा व्हायचा. शिकारीचं काळं जाकीट त्याच्याकडे होतंच.

"दाजी, किती भीती घालू?" रॉइसने विचारलं.

"बेताची घाल. फाटकाशी ये, मी वॉरंट मागतो, तू परत जा. गुरुवारी ये, त्या दिवशी काँक्रीटचं ओतकाम नाही."

बुधवारी संध्याकाळी काँक्रीटच्या प्लँटवरून फोन आला. शुक्रवारचे ट्रक इस्पितळाच्या कामाला वळवले होते. हवं तर गुरुवारी सकाळी, नाहीतर पुढच्या महिन्यात. ह्रुस्काने गुरुवार घेतला. मेहुण्याची आठवण त्याला झाली ती सकाळी, ट्रकची काँक्रीट सोडायची घसरगुंडी उघडून जमिनीवरची अर्धी स्लॅब भरल्यावर. त्याने फोन लावला. रॉइसने तो बंद ठेवला होता. भूमिकेत शिरला की तो तसंच करायचा.

आणि मग काळी मोटार आली. ट्रक आत घेण्यासाठी फाटक सताड उघडं होतं. रॉइस काळा चष्मा लावून, अंगठे पट्ट्यात खोचून, थेट आत आला आणि हेरोदाच्या आवाजात गरजला, "कुणी हलायचं नाही!"

"अरे, आज नाही! आज नको!" ह्रुस्का हात हलवत त्याच्याकडे धावला. काँक्रीट कुणासाठी थांबत नाही. त्याने रॉइसच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला मोटारीकडे वळवत कानात म्हणाला, "घरी जा रे बाबा, ओतकाम चालू आहे."

तो मागे वळला तेव्हा साइटवर कुणी नव्हतं.

मागचं कुंपण अजून हलत होतं. कामगारांतला एर्नी सालिनासही गेला होता. त्याचा तर खापरपणजोबाही याच गावात जन्मलेला. ट्रकचा गोरा ड्रायव्हर कोडीसुद्धा स्टिअरिंग सोडून झुडपांत पळाला. नंतर कळलं, पोटगीच्या खटल्यात त्याच्यावर वॉरंट होतं. ट्रकचं पिंप रिकाम्या साइटवर आपलं फिरत होतं आणि घसरगुंडीतून काँक्रीट पडत होतं.

"मी जरा जास्तच चांगलं केलं का?" रॉइसने विचारलं.

"थापी उचल," ह्रुस्का म्हणाला.

दुपारपर्यंत दोघे गुडघे टेकून झटले. टेक्ससच्या उन्हात काँक्रीट त्यांच्यापेक्षा लवकर घट्ट झालं. स्लॅबच्या मधोमध बुटांचे ठसे उमटले होते, सगळे कुंपणाच्या दिशेने. काठाच्या मातीत मात्र ठशांची एकच रांग होती, लांबचा वळसा घालून गेलेली. पळतानाही ओल्या कामावर पाय न ठेवणारा माणूस त्या साइटवर एकच होता.

दिवे लागायच्या सुमारास त्याचाच फोन आला. मागे मोटारीचा आवाज होता आणि एलादियोच्या बायकोचा.

"एलादियो! कुठे आहेस? अरे, तो रॉइस होता! माझा मेहुणा. माझ्या पोरीच्या लग्नात तू त्याच्याबरोबर नाचलायस!"

"ओळखला ना, मालक," एलादियो म्हणाला. "आधी हातच ओळखले, अंगठे खोचलेले."

"मग पळालास कशाला?"

"अनोळखी असता तर उभा राहिलो असतो, तुम्ही सांगितलं तसा. पण तुमच्याच घरातला माणूस त्यांच्यात गेलेला. आणि तुम्ही धावत गेलात, त्याच्या खांद्यावर हात टाकलात, कानात बोललात."

"तो सराव होता! तुमच्यासाठी!"



"असेलही, मालक. पण आता राज्याची हद्द ओलांडली. पोरं मागे झोपलीत." मग तो म्हणाला, "स्लॅबवर पाणी मारत राहा. ऊन फार आहे."

पुढच्या आठवड्यात ह्रुस्का ती स्लॅब फोडत होता. एकटाच, भाड्याने आणलेल्या ब्रेकरने. ठशांपर्यंत अजून पोचला नव्हता. फाटकाशी दोन मोटारी थांबल्या. जाकिटं या वेळी शिकारीची नव्हती.

ह्रुस्काने ब्रेकर खाली ठेवला. चालत फाटकापर्यंत गेला, कुलूप ओढून पाहिलं आणि दोन्ही हात पसरून उभा राहिला.

"न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट दाखवा. त्याशिवाय आत पाऊल नाही."

अधिकाऱ्याने त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं. ब्रेकर, भंगलेलं काँक्रीट, रिकामं आवार.

"आत आहे कोण?" त्याने विचारलं.

"ते मी सांगणार नाही," ह्रुस्का म्हणाला.

शिकवलं होतं तसंच सगळं झालं. मोटारी थोडा वेळ थांबल्या आणि निघून गेल्या. ह्रुस्का वळला. जमलं का, हे एलादियोला विचारायला त्याने तोंडही उघडलं होतं.