नवरदेवाची उत्तर दिशा

हळद लागलेल्या नवऱ्याने गावाची शीव ओलांडू नये, हे कोपरच्या आनंदा म्हात्रेला ठाऊक होते. पण डोंबिवलीच्या एका व्यायाम मंडळाने होकायंत्राची शर्यत आठवडाभर पुढे ढकलली आणि ती नेमकी त्याच्या लग्नाच्या सकाळी आली. नकाशा बघत शेतांतून जायचे, लपवलेली निशाणे शोधायची आणि मैदानावर परतायचे, अशी ती शर्यत. मानपाड्याच्या सासऱ्याला, गोमाजी पाटलांना, आनंदाने सुपारीच्या बैठकीतच ऐकवले होते, "कप घेऊनच बोहल्यावर चढेन." आता न जाऊन चालते कसे?

आई बायजाने त्याच्या हातात लिंबू टोचलेली सुरी दिली. "जातंस तं जा. पन ही खाली ठेवायची नाय. हळदीच्या अंगाला लोखंड पायजे, नायतर भूत लागंल. आन् वरातीच्या आधी घरी ये."

"दुपारी कपातनं आमटी पितो, बघ!"

जोडीला चुलतभाऊ धाकू होता. पहिले निशाण उत्तरेला होते. वाऱ्याने नकाशा फडफडू लागला, तेव्हा आनंदाने सुरी आडवी धरली, तिच्यावर नकाशा पसरला आणि त्यावर होकायंत्र ठेवले. काटा तत्काळ सुरीच्या टोकाकडे वळून स्थिर झाला. आनंदा जिकडे वळेल तिकडे उत्तरही वळू लागली. इतकी आज्ञाधारक दिशा त्याने आयुष्यात पाहिली नव्हती.

"आनंदा, उत्तरंला जाताना सकाळचा सूर्य उजवीकडं पायजे. ह्यो तं डोळ्यांत शिरतोय."

"सूर्य फिरतो, धाकू. होकायंत्र फिरत नाय."

या शास्त्रापुढे धाकूने डोळ्यांवर हाताची सावली धरली. बांध ओलांडत, चिखल तुडवत दोघे झपाट्याने निघाले. बऱ्याच वेळाने समोर ओळखीचे देऊळ दिसले.

"अरं, ह्यो मानपाडा! तुझी सासुरवाडी!" धाकू ओरडला. "मानपाडा उत्तरंला कधीपास्नं आला?"

"नकाशा चुकीचा छापलाय," आनंदा शांतपणे म्हणाला.

धाकूने होकायंत्र हिसकावून घेतले आणि तो दूर जाऊन उभा राहिला. काटा गर्रकन फिरला. परत आला, तर काटा पुन्हा सुरीकडे. आनंदाने मान डोलावली. "कळलं. चूक माझी नाय, लोखंडाची."

"मग टाक ती सुरी."

"आन् भूत लागलं म्हंजे?"

तोडगा आनंदानेच काढला. धाकूने होकायंत्र घेऊन पुढे पळायचे आणि सुरीवाल्याने लांबून मागे. पण धाकूला होकायंत्र वाचता येत नव्हते, म्हणून आनंदा सुरीनेच हातवारे करत ओरडू लागला, "डावीकडं वळ! थांब! थांब बोलतो ना!"

वालाच्या शेंगा तोडणाऱ्या आवडाबाईने मान वर केली. पुढे जीव घेऊन पळणारा माणूस, मागे हळदीने पिवळा झालेला नवरा आणि त्याच्या हातात सुरी.

"धावा रं! नवरा मानूस मारतोय!"

मांडव घालणारी माणसे वासे घेऊनच धावली. मागून गोमाजी आले आणि जागीच थबकले.

"जावईबापू? तुमी?"

"शर्यत चाललीय, मामा. आम्ही पुढंच आहोत."

"कुणाच्या पुढं?"

आनंदाने आजूबाजूला पाहिले. खरोखरच कुणी नव्हते.

"मला सोडा, मामा. उत्तरंचं एवढंच निशाण..."

"सोडतो, आन् तुमी जाल उत्तरंला! माझी पोरगी शालू मुहूर्ताला काय एकलीच उभी ऱ्हाईल?" गोमाजींनी जावयाला सुरीसकट ओटीवर बसवले आणि दाराशी दोन मेहुणे ठेवले. कोपरला निरोप घेऊन धाकूला पिटाळले.

पण सुरीपासून सुटलेले होकायंत्र आता धाकूच्या हातात, त्यालाही कळेल असे, खरे बोलू लागले होते. वाटेत त्याला एक लाल निशाण दिसले, मग दुसरे शोधावेसे वाटले. निरोप राहिला त्याच्याजवळच.

संध्याकाळी मानपाड्याच्या शिवेवर वाजंत्री वाजली. वरातीला सामोरे जायला गोमाजी माणसे घेऊन निघाले. जावयाला एकटे सोडायची हिंमत होईना, म्हणून त्यालाही हाताला धरून नेले. वरात आली, पण बैलगाडीत नवऱ्याची जागा रिकामी होती. आनंदाचा बाप नाथा खाली मान घालून पुढे झाला. आवाज मात्र म्हात्र्यांचाच होता.

"व्याही, जरा दम धरा. पोरगा येतोच हाय. होकायंत्र घेऊन गेलाय, वाट चुकायचा नाय."

"येऊ द्या की सावकाश," गोमाजी म्हणाले आणि मागचा पिवळा माणूस त्यांनी पुढे ढकलला. "तवर आमच्याकडं सकाळपास्नं एक येऊन पडलाय. ह्यो चालंल का बघा."