बब्रुवानमामांचं लाल ठिगळ

बब्रुवानमामांच्या पांढऱ्या पँटीला उजव्या मांडीवर तळहाताएवढं लाल ठिगळ होतं, आणि ती पँट ते आठवडी बाजारालाही घालून जायचे. कुणी हसलं तर मामा थांबून विचारायचे, "कावून हसतूस बे? बॉलर हाय मी."

होतेच. वडवणीजवळच्या आमच्या सहकारी जिनिंगमध्ये मामा फिटर आणि मी कारकून. रविवारी मात्र मामा बॉलर आणि मी विकेटकीपर. दुष्काळामुळे कापूस नव्हता, मशिनी धूळ खात पडल्या होत्या. पण चेअरमनसाहेबांना क्रिकेटचा भारी नाद, म्हणून टीम तेवढी चालू होती.

मामांचा चेंडू हवेत असा वळायचा की भलेभले बॅट उगारून नुसते बघत राहायचे. "चेंडूचे लाड करावे लागत्यात," मामा म्हणायचे आणि प्रत्येक चेंडू टाकण्याआधी तो मांडीवर इतका घासायचे की अंपायर कंटाळून जांभई द्यायचा. अपील मात्र त्यांना कधी जमलं नाही. आम्ही घसा फाडून ओरडत असताना मामा अंपायरजवळ जाऊन हळूच विचारायचे, "बघा बरं साहेब, तुमाला काय वाटतंय?" बिचारा भिडेखातर बोट वर करायचा.

ठिगळाचं श्रेय गयामामींचं. घासून घासून पँटीवर लाल डाग पडायचा आणि गावात पाण्याचा टँकर यायचा आठवड्यातून एकदा. एक दिवस मामींनी सुनावलं, "तुमचा खेळ व्हतो, पर हे धुवायला पाणी कुठून आणू?" मामांचं तोंड उतरलं. खेळ सुटला, असंच त्यांनी धरलं. पण मामींनी पेटीतलं लग्नातलं लाल लुगडं काढलं, त्याचा तुकडा कापला आणि डागावरच शिवून टाकला. "घासा आता. डाग दिसायचा बी न्हाई, धुवायचा बी न्हाई."

त्याच उन्हाळ्यात मामी काविळीनं गेल्या. दिवसकार्य आटोपून मामा मैदानावर आले ते त्याच पँटीत. पण चेंडू काही वळेना. तो नाकासमोर चालायला लागला आणि आम्ही हरायला लागलो. वय झालं मामांचं, असं सगळे म्हणू लागले. शेवटी चेअरमनसाहेबांनी बजावलं, नांदूरघाटच्या मॅचमध्ये विकेट मिळाली नाही तर मामांच्या जागी साहेबांचा भाचा खेळेल. या भाच्याला चेंडू टाकताना डोळे मिटायची सवय होती.

मॅच अगदी टोकाला आली. नांदूरघाटचा शेवटचा गडी खेळत होता, त्यांना चार रन हवे होते आणि मामांच्या नावावर एकही विकेट नव्हती. चेंडू माझ्या हातात आला तर दोन्ही बाजूंनी खरखरीत; एक बाजू चकाकत नसेल तर तो वळणार कसा? मी तणतणतच मामांकडे गेलो.

"मामा, मांडीवर घासा की! तळहातावर काय चोळायलात?"

मामांनी हातानं ठिगळ झाकलं. "न्हाई जमायचं. टाके उसवायलेत. हिच्या हातचे हायत. परत कोन घालंल?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी चेंडू माझ्याच कोऱ्या पँटीवर घासायला लागलो. माझ्या मागोमाग आलेल्या स्लिपमधल्या कादरनं सगळं ऐकलं होतं. त्यानं तो माझ्या हातातून हिसकावला आणि आपल्या मांडीवर घासला. मग चेंडू पुढच्याकडे गेला, तिथून त्याच्या पुढच्याकडे. अंपायर ओरडत राहिला, चेंडू मात्र पंगतीतल्या वाढप्यासारखा अख्खं मैदान फिरून आला. एका बाजूनं नुसता चकाकत होता.

आमच्या लाल झालेल्या मांड्यांकडे मामा बघतच राहिले. "येड्यांनो, धुवायला पाणी हाय का घरी?"

मग वळले, धावत आले आणि चेंडू टाकला. बाहेर चाललेला चेंडू गर्रकन आत आला आणि मधली दांडी उडाली.

आम्ही आरडाओरडा करत मामांवर तुटून पडलो. चौघांनी खाली हात घालून त्यांना उचललं, तर मामा दोन्ही हातांनी उजवी मांडी गच्च धरून ओरडले, "हळू बे, हळू! टाके निघत्याल."