एका कळीचे इतिवृत्त

चालू यंत्राला हात लावू नये आणि बंद पडलेल्या यंत्राला तर मुळीच लावू नये, हा प्रशासनाचा पाया आहे. या पायावर आमचं विभागीय दाखले संगणकन केंद्र जालना रस्त्यावर एकोणीस वर्षं उभं आहे. मी तिथला कार्यालय अधीक्षक. पुढील हकीकत आत्मस्तुती म्हणून नव्हे, तर इतर कार्यालयांना मार्गदर्शन व्हावं म्हणून लिहीत आहे.

आमच्याकडे एक सर्व्हर आहे. विभागातले जातीचे, उत्पन्नाचे, रहिवासाचे सगळे दाखले त्याच्या पोटातून बाहेर पडतात. दर खंडेनवमीला आम्ही त्याला हळदकुंकू वाहतो, झेंडूची माळ घालतो आणि उरलेलं वर्षभर त्याच्याकडे बघत नाही. या वागणुकीवर तो खूष होता. मग मुख्यालयाचं पत्र आलं : सर्व्हरच्या मदरबोर्डचं फर्मवेअर तात्काळ अद्ययावत करावं. फर्मवेअर म्हणजे मदरबोर्डात भरलेली ती मूळ आज्ञावली, जी यंत्राला जाग आल्याबरोबर आपण कोण आणि आपलं काम काय हे सांगते. (आमच्या साहेबांसाठी हे काम त्यांचे स्वीय सहायक करतात.)

सोमवारी सकाळी कंत्राटी तंत्रज्ञ सुदर्शनने काम हाती घेतलं. मध्येच वीज गेली तर मदरबोर्ड कायमचा जातो, असं तो म्हणाला. म्हणून वीज जाणार नाही असं आम्ही त्याच्याकडूनच लिहून घेतलं. वीज गेली नाही. चौदा मिनिटांत काम झालं, सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी उमटल्या. अर्थ असा, की फर्मवेअर बदललं आहे, जुन्या सेटिंग पुसल्या गेल्या आहेत, पुढे जाण्यासाठी एफ-वन ही कळ दाबा.

सुदर्शनने बोट उचललं आणि तिथंच घोळ केला. त्याने विचारलं, "साहेब, दाबू का?"

न विचारता दाबली असती तर ती घटना झाली असती. विचारल्यामुळे तो प्रस्ताव झाला, आणि प्रस्ताव म्हटला की टिपणी आली. आमच्याकडे याला पूर्वपीठिकाही आहे. सात वर्षांपूर्वी विश्वजीत नावाच्या लिपिकाने लेखी आदेशाशिवाय छपाईयंत्राची एक कळ दाबली होती. छपाईयंत्र लगेच सुरू झालं. विश्वजीतची चौकशीही लगेच सुरू झाली. छपाईयंत्र आता भंगारात गेलं आहे, चौकशी मात्र उत्तम चालू आहे.

साहेबांनी त्याच दुपारी पाच जणांची समिती नेमली. सदस्य-सचिव मी. समितीने दोष शोधण्याचं काम शास्त्रशुद्ध रीतीने हाती घेतलं. प्रथम परवानगी न लागणारे उपाय करावेत असं ठरलं. त्यानुसार वातानुकूलन चोवीसवरून अठरावर आणलं (फलनिष्पत्ती : शिपाई अप्पारावांना सर्दी). कुंकू पंख्यात गेलं असावं या संशयावरून पंख्याचं बाहेरून निरीक्षण केलं. नारळ फोडला. नारळाला परवानगी लागत नसल्याने ती कार्यवाही अकरा मिनिटांत पूर्ण झाली, आणि खोबरं सगळ्यांना पुरलं. पडद्यावरच्या ओळी मात्र जागच्या हलल्या नाहीत.

इथं एक भौगोलिक तपशील नोंदवायला हवा. सर्व्हरची काचेची खोली अरुंद आहे, म्हणून त्याचा पडदा आणि कीबोर्ड बाहेर, खिडकी क्रमांक दोनच्या आतल्या टेबलावर ठेवलेले आहेत. खिडकीतून हात घातला तर कीबोर्ड एक वीत. रांगेतल्या प्रत्येकाला पडदा दिसतो. पारदर्शक कारभार म्हणतात तो हाच.

मंगळवारी रांगेत पहिल्या नंबरवर करमाडकडची शालू होती. सोबत वडील, मल्हारराव, शेजाऱ्याच्या भरवशावर मेंढरं सोडून आलेले. शालूचं नाव नर्सिंगच्या प्रवेशयादीत लागलं होतं. जातीचा दाखला शुक्रवारी पाचच्या आत कॉलेजात द्यायचा, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. तिने मान वाकडी करून पडदा वाचला.

"सर, त्याच्यात एफ-वन दाबा म्हणून लिहिलंय."

"प्रशासनाला कल्पना आहे," मी म्हणालो.

"मंग दाबा की," मल्हारराव म्हणाले. "लई लांबून आलोय साहेब."

"कळ एकच आहे हो, पण जबाबदारी मोठी आहे."

मल्हाररावांनी थोडा विचार केला. "आमच्यात मेंढी आडली तर आमी कुणाला इचारत नाय बसत. सरळ हात घालतो. इचारत बसलं तर कोकरूबी जातं अन् मेंढीबी."

नागरिकांच्या सूचनांचा आम्ही आदर करतो. ही सूचना मी त्याच दिवशी पशुसंवर्धन खात्याकडे योग्य त्या कार्यवाहीसाठी पाठवली.

बुधवारी मुंबईहून आलेल्या वरिष्ठांना वेरूळ दाखवायला साहेबांना जावं लागलं, त्यामुळे समितीची गणपूर्ती झाली नाही. गुरुवारी आम्ही सर्व्हर पुरवणाऱ्या कंपनीच्या मदतकक्षाला फोन लावला. तिथल्या मेघाताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि "एफ-वन दाबा" असं सांगितलं. आम्ही हे लेखी मागितलं. त्यांनी लगेच ईमेल केला. आमचा ईमेल याच सर्व्हरवरून येतो. मग त्यांना तेच पत्र कुरिअरने पाठवण्याची विनंती केली. त्यांनी फोन ठेवून दिला. (हे इतिवृत्तात 'सकारात्मक प्रतिसाद' असा नोंदवला आहे.)

एवढ्या चार दिवसांत सात पत्रं गेली, अकरा सह्या झाल्या, चहा एकशे अठ्ठावीस कप. एफ-वन ही कळ दाबल्यावर साधारण तीन मिलिमीटर खाली जाते. म्हणजे प्रत्येक मिलिमीटरमागे जवळजवळ पावणेचार सह्या पडल्या, तरी कळ वरच होती.

शालू आणि मल्हारराव रोज पहिल्या गाडीने येत होते. पोरीने तक्रार केली नाही. ती नुसती पडद्याकडे बघत उभी असायची, आणि मी माझ्या खुर्चीची दिशा बदलून घेतली.

शुक्रवारी सव्वाचार वाजता आदेश आला. 'एफ-वन कळ एकदाच दाबण्यास कनिष्ठ अभियंत्यास मान्यता देण्यात येत आहे.' कार्यालयात आनंदाचं वातावरण पसरलं. कनिष्ठ अभियंत्याचं पद आमच्याकडे सहा वर्षांपासून रिक्त आहे, हे चार वाजून वीस मिनिटांनी लक्षात आलं.

पावणेपाचला पाच मिनिटं असताना शालूने खिडकीतून हात आत घातला.

मी पाहिलं. सुदर्शननेही पाहिलं. आम्ही दोघांनीही एकाच वेळी फायलीत डोकं घातलं. खरं सांगायचं तर माझी इच्छा होती की तिने दाबावी. (हे इतिवृत्तात घेतलेलं नाही.) तिचं बोट कळीपासून चार अंगुळं राहिलं असेल, एवढ्यात मागून कुणीतरी तिचं मनगट धरलं.

धरणारा आमच्या कार्यालयाचा नव्हता. रांगेतलाच, बदामी सदऱ्यातला, हातात प्लास्टिकची फाईल. गोड आवाजात म्हणाला, "ए बेटा, हात काढ. बंद पडलं तर सगळ्यांचाच मामला अटकंल. साहेब लोक करतील ना." रांगेत बेचाळीस माणसं होती. दोघातिघांनी "बराबर हाय" म्हटलं, बाकीच्यांनी मोबाइल बघितला. मल्हारराव एकटेच ओरडले, "आवं, दाबू द्या की तिला! तिचंच नाय, तुमचंबी निघंल ना!" त्यांना तिघांनी मिळून शांत केलं. पोरीने हात बाहेर काढला आणि ओढणीला पुसला. कॉलेज तिथून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. पाच वाजता आम्ही नियमाप्रमाणे खिडकी बंद केली.

सोमवारी सकाळी अप्पाराव टेबलं पुसत होते. पुसण्याला परवानगी लागत नाही. फडकं कीबोर्डवरून फिरलं, कळ दाबली गेली आणि चाळीस सेकंदांत सर्व्हर सुरू झाला. पहिला दाखला शालूचा निघाला. सुवाच्य, सही-शिक्क्यानिशी. तो अजून आमच्या कपाटात आहे, कारण घ्यायला कुणी आलं नाही. बाकी सगळ्यांनी आपापले दाखले त्याच दिवशी नेले. समितीच्या अहवालात यशाचं श्रेय सांघिक प्रयत्नांना दिलं आहे. अप्पारावांकडून खुलासा मागवला आहे.

एक काम राहिलं आहे. शासकीय मालमत्तेचं रक्षण केल्याबद्दल त्या बदामी सदऱ्याला आभारपत्र द्यावं, असा ठराव झाला. पण रांगेच्या रजिस्टरमधली त्याची सही वाचता येत नाही, आणि रांगेतल्या कुणाला त्याचं नाव आठवत नाही.

आता, इथवर वाचताना "अहो, दाबा की एकदाची" असं तुम्हीही मनात म्हणालाच असाल. रांगेतले बाकीचेही तेच म्हणत होते, मनातच. तेव्हा त्या आभारपत्रावर तुमचं नाव घालायला समितीची काही हरकत नाही. पत्र तयार आहे. घ्यायला येताना ओळखपत्राच्या दोन छायाप्रती आणाव्यात, आणि खिडकी क्रमांक दोनसमोर रांगेत उभं राहावं. त्याची तुम्हाला सवय आहेच.