कोपऱ्यावरची डेअरी

रॉय मोटारी हाकतो. चालवत नाही, हाकतो. रोज सकाळी गमबूट घालून आमच्या गल्लीत उभा राहतो आणि कामाला निघालेल्या प्रत्येक मोटारीच्या ढुंगणावर काठी हाणतो. "कम ऑन, गर्ल! कम ऑन!" मोटारी मुकाट एकामागे एक जातात. माझ्या मुलाच्या नव्या गाडीला पोचा पडला.

न्यूझीलंडमधल्या रोटोटुनातलं हे आमच्या बाजूचं सगळं कुरण त्याचं होतं. ते मला उशिरा कळलं. कोपऱ्यावरच्या दुकानाकडे काठी करून तो म्हणायचा, "माय डेअरी!" इथे चिप्स आणि लॉटरीची तिकिटं विकणाऱ्या दुकानाला डेअरी म्हणतात. मला वाटलं, हाच मालक. एकदा तिथलं दूध नासकं निघालं. बाटली घेऊन मी तडक त्याच्यापुढे. "युवर डेअरी, बॅड मिल्क!"

म्हातारा लालबुंद झाला. "माय मिल्क? नेव्हर!" आणि भर रस्त्यात मोठ्यानं हंबरला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. त्या दुकानाच्या जागी त्याचा गोठा होता.

मला त्याची कीव येत नाही, राग येतो. सुनेला मध्ये घालून विचारलं, "मग जमीन विकलीस कशाला?" म्हणे, पोरं पहाटे धारा काढायला उठेनात. बरं, तुझ्या आजोबानं ही जमीन कुठल्या माओरी माणसाची घेतली, कशी घेतली? हे विचारलं की हा ठार बहिरा. आणि गल्लीतल्यांचा तर जास्तच राग येतो. रस्त्याला याच्या आजोबाचं नाव, पत्ता सांगताना तेच घेतात, आणि नातू रस्त्यात उभा राहिलेला यांना खपत नाही. तक्रारी झाल्याच होत्या. आणखी एक आली की त्याची मुलगी त्याला ऑकलंडला, हिल्सबरोच्या फ्लॅटमध्ये नेऊन ठेवणार होती.

पोचा बघून मुलगा म्हणाला, "आई, आज संध्याकाळी मी फोन करतोच."

"कर. काठी पत्र्यानं खाल्ली, बोंब तू मार."

संध्याकाळी पावसानं झोडपलं. गल्लीतल्या मोटारी परत आल्या, मुलाची आली नाही. रॉय कोपऱ्यावर भिजत उभा. मी दारातून ओरडले, "गो होम! मरशील मेल्या!"

त्यानं एक बोट वर केलं. "वन मिसिंग, मिसेस."

म्हणजे हा रोज संध्याकाळीही उभा राहत होता. मी कधी बाहेर बघितलं नव्हतं.

शेवटी मुलाची गाडी वळून आत आली. रॉय तिच्यामागे आला, पोच्यावरून हात फिरवला. "गुड गर्ल." मग आमचं फाटक ओढून घेतलं, कडी नीट बसली का ते हलवून बघितलं आणि गेला.

मुलगा आत आला. मी फोन त्याच्यापुढे ठेवला. "हं, कर आता."

त्यानं बूट काढले. "जेवायला काय आहे?" म्हणाला.