खवल्याचे एकोणसाठ

एका जंगलात, मुलांनो, पाणी कमी होते आणि विद्यापीठ मोठे होते.

यंदा पाणवठा आटला. नदी दोन डोंगरांपलीकडे. तरणे प्राणी तिथे जाऊन पिऊन येत. म्हाताऱ्यांनी नुसती वाट बघायची. म्हणून नवा झरा खोदायचे ठरले. पण त्या जंगलात कुणीही उठून खोदू शकत नसे. त्यासाठी प्रथम वर्गाची पदवी लागे. प्रथम वर्ग साठ गुणांना मिळे.

खवल्या नावाचे एक खवले मांजर त्याच वर्षी शेवटच्या परीक्षेला बसले होते. त्याच्या आईला आता डोंगर चढवत नव्हता. चैत्रापर्यंत तिने पानांवरचे दव चाटून भागवले. वैशाखात दवही पडेना.

निकालाच्या दिवशी खवल्या विद्यापीठाच्या खिडकीशी गेला. आत कासव बसले होते. गुणांची बेरीज तेच करत.

"कासवअण्णा, मला प्रथम वर्ग मिळाला ना?"

"एकोणसाठ. द्वितीय वर्ग."

"पण खोदण्यात मला ब्याण्णव आहेत."

"असतील. आपण पदवी देतो बाळा, खोदण्याचं बक्षीस नाही."

"पहिल्या वर्षी अठ्ठ्याण्णव होते. पाणीसुद्धा लागलं होतं."

"पहिलं वर्ष रुळण्यासाठी असतं. त्यात लागलेलं पाणी धरत नाहीत."

मग कासवाने हिशेब समजावला. त्यांना घाई कधीच नसे. दुसरे वर्ष एकदा धरायचे, तिसरे दोनदा. दुसऱ्या वर्षीची सरासरी अठ्ठावन्न. तिसऱ्या वर्षी खोदणे ब्याण्णव, चढणे चोपन्न, पोहणे एकोणपन्नास, उडणे सत्तेचाळीस. सरासरी साडेसाठ.

"यातला अर्धा कापायचा. साठ, साठ आणि अठ्ठावन्न. भागिले तीन. एकोणसाठ आणि वर थोडं."

खवल्याने नखाने मातीत आकडे मांडले. "अण्णा, तो अर्धा कापला नसता तर एकोणसाठ आणि वर दोन तृतीयांश येतात. शेवटी अर्ध्याहून जास्त उरलं की पुढचा अंक द्यावा, असं नियमातच आहे."

"आहे की. पण तो शेवटचा नियम. कापण्याचा नियम आधी येतो."

एवढ्यात कोल्हा आला. "माझे किती, अण्णा?"

"एकोणसाठ. प्रथम वर्ग. अभिनंदन."

"यालाही एकोणसाठच की," खवल्या म्हणाला.

"त्याचे काठावरचे आहेत. तिसऱ्या वर्षी निम्म्याहून जास्त विषयांत साठ ओलांडले, तर एकोणसाठवाल्याला वर घेतात. त्याने तीन विषयांत ओलांडले. तू एकात."

"खोदण्यात किती त्याला?"

"एक्कावन्न."

"आणि उडण्यात?"

"चौसष्ट. उडण्याची परीक्षा लेखी असते."

कोल्हा मायेने म्हणाला, "खवल्या, तू सगळी ताकद एकाच खड्ड्यात घातलीस. मी चार जागी थोडं थोडं उकरलं."

दुसऱ्या दिवशी कोल्हा झरा खोदू लागला. त्याने सात खड्डे खणले. सातही कोरडे. प्रत्येक खड्ड्याचा अहवाल मात्र सुरेख होता.

आठव्या दिवशी आईची जीभ टाळ्याला चिकटली. ती हळूच म्हणाली, "तुझा पहिल्या वर्षीचा खड्डा कुठंय रे?"

"बुजवला असेल, आई. निकालानंतर परीक्षेचे सगळे खड्डे बुजवतात. पुन्हा तपासा, असं कुणी म्हणू नये म्हणून."

"बघून तर ये."

खवल्या विद्यापीठाच्या मागच्या उतारावर गेला. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षीचे खड्डे नीट बुजवलेले होते. पहिल्या वर्षीचा तसाच होता. जो धरायचाच नव्हता, तो बुजवायची तसदी कुणी घेतली नव्हती. वाळक्या पानांखाली पाणी होते. गार, गळ्याशी येईल इतके.

आई प्यायली. मग पुन्हा प्यायली.

दुसऱ्या दिवशी सगळे जंगल तिथे आले. तिसऱ्या दिवशी विद्यापीठाने पाटी लावली: 'या पाण्याचा पदवीच्या गणनेशी संबंध नाही.' देखरेखीला कोल्हा नेमला, कारण त्या जागेसाठी प्रथम वर्ग लागे.

चौथ्या दिवशी कासव पोचले. ते त्याच दिवशी निघाले होते की पहिल्या, ते ठाऊक नाही. त्यांनी मान लांब करून पोटभर पाणी घेतले.

"कसं आहे पाणी, अण्णा?" खवल्याने विचारले.

कासवाने ओठ पुसले आणि नियम आठवून पाहिला.

"गोड आहे," ते म्हणाले. "पण पहिल्या वर्षाचं आहे."

तात्पर्य: मुलांनो, आवडत्या विषयात ब्याण्णव मिळवण्याचा मोह टाळा. बासष्टात भागत असेल तर उरलेले तीस उडण्यात घाला. आणि पाणी लागायचेच असेल, तर ते तिसऱ्या वर्षी लागेल अशी काळजी घ्या. तहान कोणत्या वर्षी धरतात, हे मात्र अजून कुठल्याच नियमात सापडलेले नाही.