लिमये बाईंची प्रोटीनची वाटी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या लिमये बाई सकाळी जिन्यात भेटल्या की नमस्कार करत नाहीत. दंड पुढे करतात. "दाबून बघा," म्हणतात. सत्तरी ओलांडलेल्या, इस्त्रीच्या सुती साडीतल्या बाईंचा दंड भर जिन्यात दाबून बघायचा, आणि तोही सदाशिव पेठेत, म्हणजे माणसाला किती अवघड होत असेल ते तुम्हीच ठरवा. पण त्याशिवाय सुटका नसते. मी दोन बोटांनी दाबल्यासारखं करतो.

"लागतंय का काही?"

"लागतंय."

"खोटं बोलू नका. अजून लागायला वेळ आहे."

बाई शाळेत शास्त्र शिकवायच्या. लग्न केलं नाही. योग आला नाही का, असं कुणी विचारलंच तर "आले होते दोन-तीन, मी घरी नव्हते," असं सांगून मोकळ्या होतात. गेल्या वर्षी त्या स्वयंपाकघरात पाय घसरून पडल्या. हाड वाचलं, पण डॉक्टर म्हणाले की पायांत स्नायू म्हणून उरलेले नाहीत. प्रोटीन खा, व्यायाम करा, नाहीतर एकटं राहणं सोडा. वाघोलीचा भाचा लगेच न्यायला आला. त्याच्या सोसायटीत लिफ्ट आहे, बाग आहे, खाली दवाखाना आहे. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वाघोली चांगलीच आहे रे. पुण्यात असती तर आलेही असते."

भाचाही त्यांचाच. तो म्हणाला, "मावशी, दिवाळीला येतो. कशालाही न धरता जमिनीवरून उठून दाखव, मग राहा खुशाल एकटी."

तेव्हापासून बाईंचं नाश्त्याशी युद्ध सुरू झालं. पहिला बळी पोह्यांचा. "पोह्यांत काय असतं? कांदा असतो आणि आशा असते," असा निकाल लागला. उपम्याला त्या गरम हवा म्हणायच्या. त्यांच्या घरी मुगाची धिरडी आली, त्यांत पनीर आलं, थालीपिठात सोयाबीनचं पीठ आलं, मोडाची मटकी तर रोजच आली. एका एकादशीला त्यांनी साबुदाण्याच्या खिचडीत सोयाबीनच्या वड्या घातल्या. मंजिरी, म्हणजे माझी बायको, भीत भीत म्हणाली, "बाई, उपवास मोडला की." त्यावर, "उपवास उद्या परत धरता येतो, स्नायू धरता येत नाहीत," हे उत्तर मिळालं. अंडी त्या खिडक्या लावून उकडतात. टरफलं वर्तमानपत्रात गुंडाळून पार टिळक रस्त्याच्या पलीकडे टाकून येतात आणि तेवढंच चालणं होतं, असं वर सांगतात. व्यायामाला त्यांनी तूरडाळीच्या दोन पिशव्या घेतल्या होत्या. महिनाअखेर त्या फारच सहज उचलल्या जायला लागल्या तेव्हा बाई खूश झाल्या. मग लक्षात आलं, त्यातलीच डाळ रोज आमटीला जात होती.

हे सगळं त्यांच्या घरात राहिलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण रोज सकाळी आठच्या आत आमची बेल वाजायची आणि दारात बाई, हातात स्टीलची वाटी. "चव सांगा. खरी सांगा." खरी सांगायची सोय नव्हती. शिवाय शेजारची वाटी रिकामी परत द्यायची नाही, हा मंजिरीच्या माहेरचा कडक नेम. त्यामुळे ती कधी लिंबू, कधी चमचाभर साखर घालून मला वर पिटाळायची. "साखर?" बाई वाटीत डोकावून म्हणायच्या. "माझ्या दोन महिन्यांच्या कष्टांवर पाणी. आलाच आहात तर बसा." मग अर्धा तास दही घरी कसं लावावं. एकदा मी दारातच उसळ आमच्या भांड्यात ओतून घेतली आणि त्यांची वाटी लगेच पुढे केली. बाईंनी घेतली नाही. "घाई काय आहे? सावकाश आणून द्या," म्हणत त्या वर गेल्या.

दिवाळीत भाचा आला. बाईंनी आम्हालाही साक्षीदार म्हणून बोलावलं. पदर खोचला, जमिनीवर मांडी घातली, एकदा दात-ओठ खाल्ले आणि कशालाही न धरता उभ्या राहिल्या. भाच्याने वाकून नमस्कार केला. मला वाटलं, बाई जिंकल्या, आता आमचे पोहे परत येणार. पण दुसऱ्या दिवशी बेल वाजलीच.

मग मागच्या आठवड्यात एका सकाळी वाटी आली नाही. मंजिरीने हौसेने पोहे टाकले. खाताना मात्र दोघांचं लक्ष दाराकडे.

"गावाला गेल्या असतील," मी म्हणालो.

"कुठल्या गावाला?" मंजिरी म्हणाली.

मी हात न धुताच वर गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत बाई दाराकडे तोंड करून खुर्चीत बसल्या होत्या. ओट्यावर धिरडी झाकून ठेवलेली.

"बाई, बरं आहे ना?"

"मला काय धाड भरलीय? मुद्दामच नाही पाठवली वाटी. म्हटलं, बघू या कुणाच्या लक्षात येतंय का."

मला रागच आला. जिना चढताना मनात नको ते येऊन गेलं होतं. मी तसं बोललोही. बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"गेल्या वर्षी पडले ना, ती सकाळी पडले," त्या म्हणाल्या. "भांडीवाली येते संध्याकाळी. तोपर्यंत तिथेच होते, फ्रिजपाशी. हाका मारल्या. तुमच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. तुम्ही स्कूटर काढलीत, तीही ऐकली. तुमचा दोष नाही हो, घराघरांत टीव्ही चालू असतात. दुपारनंतर मीच हाका मारायचं सोडलं."

"हे तुम्ही बोलला नाहीत कधी."

"भाच्याच्या कानावर गेलं असतं तर त्याने त्याच दिवशी सामान बांधलं असतं."

"पण आता तर उठता येतं तुम्हाला."

"शुद्धीवर असले तर येईल. नसले तर? स्नायू मूग खाऊन वाढतात, माणसं नाही वाढत. वाटी दिली की ती परत द्यायला निदान कुणीतरी वर येतं."

ज्या फरशीवर त्या दिवसभर पडून होत्या, तिच्या खाली आमचं स्वयंपाकघर आहे. मला फार वाईट वाटलं. बाईंनी माझ्यापुढे धिरड्याची ताटली सरकवली. मी मुकाट्याने खाल्लं. कोरडं होतं, चांगलं आहे म्हणालो.

"मग, पास झालो का मी?"

त्यांनी माझ्या हळदीच्या बोटांकडे पाहिलं. "काठावर. पोहे खाऊन आलात."

मी निघालो तशा त्या दारापर्यंत आल्या.

"उद्या चवळीची उसळ आहे," त्या म्हणाल्या. "आठपर्यंत आली नाही, तर..."

"तर मी वर येतो."

"लगेच या," बाई म्हणाल्या.